सिव्हिलायझेशन 4 की 6: शेजारचा राजा युद्ध का पुकारतो?

सिव्हिलायझेशन या, आपले राज्य उभारून शेजारी राज्यांशी मैत्री किंवा युद्ध करण्याच्या, संगणक खेळांच्या मालिकेतला कोणता भाग घ्यावा असे कोणी विचारले, तर सल्ला बहुधा चित्रे, नकाशा आणि किंमत यांवरून दिला जातो. ज्याला एकट्याने, संगणकाविरुद्धच खेळायचे आहे, त्याने मात्र आधी दुसरा प्रश्न विचारावा: शेजारचा राजा माझ्यावर का चालून येतो हे डाव चालू असतानाच मला कळेल का, आणि आला तर त्याची खरोखर धास्ती वाटेल का? या कसोटीवर 2005 सालचा चौथा आणि 2016 सालचा सहावा भाग यांत मोठे अंतर आहे, आणि माझा कौल जुन्या खेळाला आहे.

चौथ्या भागात प्रत्येक राजाचे तुमच्याविषयीचे मत संतप्त ते मित्र अशा पाच पायऱ्यांवर असते. त्याच्या नावावर कर्सर नेला की त्या मताचा बराचसा हिशेब उलगडतो: धर्म एक असल्याचे अधिक इतके, सीमा भिडल्याचे उणे इतके, त्याच्या शत्रूशी व्यापार केल्याचे उणे इतके. खेळातले सातही धर्म गुणधर्मांनी अगदी सारखे आहेत, तरीही कोणता स्वीकारायचा हा निर्णय जड जातो, कारण कोणाशी वैर पत्करायचे ते त्यातून ठरते. शिवाय इतिहासातल्या व्यक्तींच्या नावांनी येणाऱ्या या राजांचे स्वभाव वेगळे आहेत: गांधी तुमच्यावर खूश असताना युद्ध पुकारत नाही, माँटेझुमाचा मात्र खूश असतानाही भरवसा धरता येत नाही.

माझ्या एका डावात शेजारी स्पेनची राणी इझाबेला होती. तिचा राजधर्म बौद्ध, माझा हिंदू. सहज म्हणून मी तिला तिसऱ्या राजाविरुद्ध युद्धात उतरशील का असे विचारायला गेलो, तर तो पर्याय लाल अक्षरांत होता आणि कारण दिसले की सध्या आमच्या हातात पुरेसे काम आहे. चौथ्या भागात मुरलेले खेळाडू या वाक्याचा अर्थ ओळखतात: तिचा कोणावर तरी चढाईचा बेत आधीच ठरलेला असतो, फक्त कोणावर ते सांगितलेले नसते. मी भालेकरी सीमेवरच्या शहरात हलवले. आठ टर्नांनी, म्हणजे आठ पाळ्यांनी, घोडदळ आणि कॅटापल्ट (दगड फेकणारी यंत्रे) यांचा चौदा तुकड्यांचा एकच लोंढा माझ्या हद्दीत शिरला. धर्म बदलायचा होता तर तो कितीतरी आधी बदलायला हवा होता, कारण एकदा बेत शिजला की मागाहून मन राखून तो सहसा मोडत नाही. शहर गेले, पण ते का गेले हे मला नेमके ठाऊक होते, आणि पुढच्या डावात मी वेगळा वागलो. हे शिकता येणे हाच मला या खेळाचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

सहाव्या भागातही कारणांची यादी दिसते, किंबहुना ती अधिक नीटस मांडलेली आहे. प्रत्येक राजाला एक जाहीर आणि एक गुप्त आग्रह असतो. अडचण अशी की हे आग्रह पुष्कळदा त्याच्या हिताशी जोडलेले नसतात. हाराल्ड हार्द्रादाला मोठे आरमार आवडते, म्हणून तुमच्या राज्याला समुद्रकिनारा नसला तरी तो आरमारावरून नाराज होतो. मैत्री जाहीर केली की ती टिकेपर्यंत, म्हणजे साधारण गतीने 30 टर्न, कोणत्याही राजाला तुमच्यावर युद्ध पुकारताच येत नाही. वरच्या पातळीवर, जिथे संगणकाच्या राजाला सुरुवातीलाच तीन सेटलर (नवे शहर वसवणाऱ्या तुकड्या) मिळतात, तिथे पहिले हल्ले खरोखर जड जातात. पुढे मात्र शहराला तटबंदी झाली की नकाशावरच्या एका घरात एकच लढाऊ तुकडी या नियमामुळे त्याचे सैन्य विखुरते, तटाखाली घुटमळते आणि परत फिरते.

पाचव्या भागाविषयी थोडक्यात: तिथला राजा वरून मैत्रीचा चेहरा दाखवून आतून कपट राखू शकतो. ही कल्पना मला मनापासून आवडते, पण एका घरात एक तुकडी या नियमाने त्याचीही लढाई दुबळी केली आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पहिल्या भागातला गांधी संगणकीय चुकीमुळे अणुबाँब टाकू लागला, ही गोष्ट आपल्याकडे फार आवडीने सांगितली जाते. पण तशी चूक कधी नव्हतीच, असे या मालिकेचे जनक सिड मायर यांनी 2020 साली स्पष्ट केले आहे. पाचव्या भागात मात्र गांधीची अणुबाँबची ओढ रचनाकारांनी गंमत म्हणून मुद्दाम वाढवून ठेवली होती.

शहररचना, जिल्ह्यांची मांडणी आणि निवांत डाव यांत ज्याला रस आहे, त्याने सहावा भाग घ्यावा, पण 2019 च्या गॅदरिंग स्टॉर्म या विस्तारासह. त्यात प्रत्येक आगळिकीचे गाऱ्हाणे आकड्यांत मोजले जाते आणि काळाबरोबर उतरत जाते, त्यामुळे युद्धाची किंमत आधी जोखता येते. ज्याला शेजाऱ्याच्या मनाचा अंदाज घेत सीमेवर जागता पहारा ठेवायचा आहे, त्याने जुनी चित्रे चालवून घेऊन चौथा भाग 2007 च्या बियाँड द स्वोर्ड या विस्तारासह घ्यावा आणि पहिल्या डावात इझाबेला शेजारी आली, तर तिचा राजधर्म कोणता हे सगळ्यांत आधी पाहावे.