वॅग्नर की लॉइड: आधी कोणाची कारकीर्द वाचाल?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन बेसबॉलमधला एकच शॉर्टस्टॉप (त्या जागेवरचा क्षेत्ररक्षक) नीट समजून घ्यायचा असेल, तर माझ्या मते निवड दोघांतच आहे: होनस वॅग्नर आणि जॉन हेन्री लॉइड. दोघेही दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यांच्या, मधे उभे राहायचे. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे सरपटी फटके सगळ्यात जास्त तिथेच येतात.

वॅग्नरचं सगळं नोंदलेलं आहे. पोरवयात कोळशाच्या खाणीत काम, 1897 मध्ये लुइव्हिलचा संघ, मग 1900 ते 1917 पिट्सबर्ग. नॅशनल लीगमध्ये (मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या दोन भागांपैकी एक) फलंदाजीच्या सरासरीत आठ वेळा पहिला, 3400 हून जास्त हिट्स (फटका मारून सुखरूप बेस गाठणं), 700 हून जास्त बेस चोरलेले (फटक्याची वाट न पाहता पळून पुढचा बेस गाठणं). 1936 मध्ये हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलच्या सन्मान-दालनाच्या, पहिल्या पाच जणांत निवड. त्याचं सिगारेटच्या पाकिटातलं चित्राचं कार्ड लाखो डॉलरना विकलं जातं, पण खेळ समजायला त्याचा काही उपयोग नाही.

लॉइड काळा होता, म्हणून मेजर लीगचं दार त्याला बंद. न्यूयॉर्कचा लिंकन जायंट्स, शिकागोचा अमेरिकन जायंट्स, असा तो संघ बदलत राहिला, हिवाळ्यात क्यूबा. चेंडू उचलताना मूठभर मातीही हातात यायची, म्हणून तिथले लोक त्याला 'कुचारा' म्हणजे चमचा म्हणायचे. 2024 मध्ये निग्रो लीगचे (काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे) आकडे मेजर लीगच्या नोंदीत आले, पण 1920 पासूनचेच. तेव्हा लॉइड 36 वर्षांचा होता. त्याची ऐन उमेदीची वर्षं आजही त्या तक्त्याबाहेर आहेत, आणि हे मला फार लागतं. हॉल ऑफ फेमही मिळाला तो 1977 मध्ये, मृत्यूनंतर.

त्याला 'काळा वॅग्नर' म्हणत. आपलं नाव त्याला दिलं याचा वॅग्नरला अभिमान होता.

दोघांना एकाच मापाने मोजायची एक जागा आहे: त्या काळचा नावाजलेला फलंदाज टाय कॉब याचा डेट्रॉइट संघ. 1909 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, वॅग्नरने या संघाविरुद्ध फलंदाजीच्या 24 पैकी 8 वेळा हिट मारली, सहा बेस चोरले. कॉबच्या हिट्स 26 पैकी 6. पुढच्याच वर्षी डेट्रॉइट क्यूबात हवानाला गेला, तिथे लॉइडने 22 पैकी 11 हिट्स मारल्या. सामने मोजकेच, मान्य. पण समोरचा संघ तोच होता.

आकडेवारीवरून शिकायचं असेल तर वॅग्नर घ्या, एकही वर्ष गळलेलं सापडणार नाही. मला विचाराल तर लॉइड आधी, आणि सुरुवात हवानाच्या त्या सामन्यांपासून.