चिखलाच्या थराखाली

मी रंगवायला पाठवलेले चार पँथर (दुसऱ्या महायुद्धातले जर्मन) रणगाडे परत आले, तेव्हा ते माझे नव्हतेच, हे कळायला मला तीन आठवडे लागले. युद्धखेळासाठी लघुप्रतिकृती रंगवून घेण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. कारण ज्या कौशल्यासाठी आपण पैसे मोजतो, त्या वेदरिंगचाच, म्हणजे चिखल, गंज, झीज रंगाने दाखवण्याच्या कलेचाच, इथे पडदा म्हणून वापर झाला.

१/५६ प्रमाणातील, रेझिन या साच्यात ओतायच्या प्लास्टिकसारख्या द्रव्याच्या पाच पँथरचा संच माझ्याकडे होता. पाचवा मी स्वतः रंगवणार होतो, म्हणून तो घरीच ठेवला. पुढे सगळा उलगडा झाला तो त्याच्यामुळेच. मला हवे होते १९४४ च्या उन्हाळ्यातले तिरंगी कॅमोफ्लाज. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने वाहनांचा मूळ रंग गडद राखाडीवरून ‘डुंकेलगेल्ब’ या मातकट पिवळ्यावर आणला आणि त्यावर मारण्यासाठी ऑलिव्ह हिरवा व तांबूस तपकिरी हे दोन रंग घट्ट लगद्याच्या स्वरूपात तुकड्यांना पुरवले. हा लगदा कधी पाण्यात, कधी पेट्रोलमध्ये पातळ करून फवाऱ्याने किंवा ब्रशने मारला जाई. त्यामुळे एकाच तुकडीतल्या दोन रणगाड्यांवरही रंगाची छटा वेगळी दिसू शके. ही माहिती खरी आहे, आणि तिचाच माझ्याविरुद्ध कसा वापर झाला ते पुढे येईलच.

रंगकाम करणाऱ्या त्या गृहस्थांनी नमुन्यादाखल जी छायाचित्रे पाठवली, ती अप्रतिम होती. एअरब्रशने मारलेल्या पट्ट्यांच्या कडा मऊ होत्या, पत्र्यांच्या सांध्यांमध्ये वॉश, म्हणजे खाचा उठवणारा पातळ गडद रंग, नेमका बसला होता आणि हॅचच्या (वरच्या झाकणाच्या) कडेला रंगाचे टवके अगदी मोजून उडवलेले होते. ती पाहून मी निम्मी रक्कम आगाऊ दिली. वास्तविक त्यांपैकी एक चित्र मी नीट पाहिले असते, तर तिथेच थांबलो असतो. पँथरच्या टरेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) कमांडरचा गोल घुमट डाव्या बाजूला असतो, आणि हलच्या (रणगाड्याच्या मुख्य धडाच्या) पुढच्या तिरक्या पत्र्यावरची मशीनगन उजव्या बाजूला. त्या चित्रात दोन्हींच्या जागा उलट होत्या. म्हणजे दुसऱ्या कुणाचे छायाचित्र आरशातल्यासारखे फिरवून घेतले होते, जेणेकरून शोध घेतला तरी ते सहज सापडू नये. टरेटवरचे आकडे मात्र फिरवल्यावर उलटे दिसले असते, म्हणून तो भाग कातरून टाकला होता. नंतर मी ते चित्र पुन्हा सुलट करून शोधले, तेव्हा मूळ रंगकाराचे काम काही क्षणांत समोर आले. त्या रंगकाराला याची काहीच कल्पना नव्हती; मी त्याला कळवले.

रणगाडे हातात आले तेव्हा पहिली नजर गेली ती चिखलावर. चाके, पट्टे, हलची खालची अर्धी बाजू आणि मागचा पत्रा एवढ्या सगळ्यावर पिगमेंटचा जाड थर होता. पिगमेंट म्हणजे कोरडी भुकटी. ती फिक्सर या चिकटवणाऱ्या द्रवाने बसवावी लागते आणि खेळात हाताळायच्या प्रतिकृतीवर वरून मॅट वार्निशही द्यावे लागते, मग त्यात तिची छटा थोडी दबली तरी चालते. इथे एक रणगाडा उचलताच बोटे तपकिरी झाली. मी विचारले, तेव्हा उत्तर आले की वार्निशने चिखलाचा जिवंतपणा जातो. पिवळा रंग हिरवट का, असे विचारल्यावर लगदा पातळ करण्याचा इतिहास मलाच ऐकवण्यात आला. डेकलखाली (आकड्यांच्या चिकटचित्रांखाली) हवा राहून त्यांच्या कडा चंदेरी चमकत होत्या, तर त्यावर सैनिक घाईघाईत हातानेच आकडे रंगवत असत, असे स्पष्टीकरण मिळाले. प्रत्येक उत्तरात अर्धे सत्य असल्यामुळे मी दर वेळी स्वतःच्याच शंकेवर शंका घेत राहिलो.

एका गोष्टीला मात्र इतिहासाचा आधार मिळेना. बाजूच्या पत्र्यांवर गंजाचे ओघळ काढलेले होते आणि ते सगळे मागच्या दिशेला, जवळजवळ आडवे गेले होते. पावसाचे पाणी खाली वाहते, त्यामुळे ओघळही खालीच यायला हवेत. इथे प्रतिकृती मागच्या पत्र्यावर उभी ठेवून वाळवलेली दिसत होती. शिवाय एवढा गंज मुळात यावा कुठून? एक्झॉस्टच्या नळ्या उष्णतेने गंजतात, तिथे तो शोभतो. चिलखती पत्र्यावर टवका उडाला, तर खालचा तांबडा प्राइमर (रंगाआधीचा पहिला लेप) किंवा काळपट पोलाद दिसते. या रणगाड्यांच्या प्रत्येक कडेवर चांदीसारखा चकचकीत रंग घासलेला होता.

अखेर मी एकाचा चिखल साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढला. थर सुटत गेला तशी खालून टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे उघडी पडू लागली. ते हवेचे बुडबुडे होते. चाकांच्या कडेला ते इतके दाट होते की दोन चाकांचा काठच शिल्लक नव्हता. ती जागा चिखलाने लिंपून भरली होती. मी पाठवलेल्या रेझिनमध्ये असे एकही छिद्र नव्हते. मग व्हर्निअर कॅलिपर घेऊन मोजले. घरी ठेवलेल्या पाचव्या रणगाड्याचा हल १२२.५ मिलिमीटर भरला. परत आलेल्या चारांपैकी एकही १२१.५ च्या वर गेला नाही. तयार प्रतिकृतीवरून सिलिकॉनचा साचा घेऊन त्यात पुन्हा रेझिन ओतले, की ते वाळताना आकसते आणि नक्कल मूळ वस्तूपेक्षा किंचित लहान निघते. माझे रणगाडे काढून घेऊन त्यांच्या नकला मला रंगवून पाठवल्या होत्या, आणि जिथे नक्कल उघडी पडली असती, नेमका तिथेच चिखल सर्वांत जाड होता.

मोजमापांची छायाचित्रे पाठवल्यावर आधी प्रमाणातल्या फरकाचे कारण मिळाले, मग माझ्या कॅलिपरवर आक्षेप आला आणि नंतर उत्तरच येईना. उरलेली रक्कम मी दिली नव्हती, एवढेच काय ते वाचले.

आता दुसऱ्या एका रंगकाराकडे काम दिले आहे. प्राइमर, कॅमोफ्लाज आणि डेकल या तिन्ही टप्प्यांची छायाचित्रे मी मागितली आहेत, तीही वेदरिंग सुरू होण्याआधीची, शेजारी तारखेची चिठ्ठी ठेवून. त्याने ती अट विनातक्रार मान्य केली आणि खालच्या बाजूचेही चित्र पाठवतो असे आपणहून सांगितले. पाठवण्यापूर्वी मी प्रत्येक हलच्या आतल्या बाजूला, टरेट बसवायच्या छिद्रातून दिसेल अशा जागी, सुरीच्या टोकाने दोन अक्षरे कोरली, प्रत्येकावर थोडी वेगळ्या जागी, आणि त्यांची छायाचित्रे मोजमापांसह जपून ठेवली आहेत.