सात वर्षं कागद केले, मग पदवी घेतली

निर्यातीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सात वर्षं काढली आणि मग आंतरराष्ट्रीय व्यवसायाच्या पदव्युत्तर पदवीला नाव घातलं. संध्याकाळचे वर्ग, दोन वर्षं, चार सत्रं. पुढे तक्रारीही आहेत, म्हणून संस्थेचं नाव लिहीत नाही.

नाव घालायला कारण झालं एक परत आलेली एलसी, म्हणजे कागद बरोबर असतील तर पैसे देऊ अशी गिऱ्हाईकाच्या बँकेची लेखी हमी. माल चांगला होता, वेळेत चढला होता, गिऱ्हाईकही खूश. पण आमच्या इनव्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळत नव्हतं, आणि बँकेनं डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदांतली तफावत, काढली. पैसे तीन आठवडे अडकले. ऑफिसात खुलासा एकच, ‘बँकवाले असेच असतात.’

दुसऱ्या सत्रात ट्रेड फायनान्स, म्हणजे परदेशी व्यापारातल्या पैशांच्या व्यवहाराचा विषय, आला आणि त्या तीन आठवड्यांचा उलगडा झाला. यूसीपी 600 म्हणजे एलसीचे जगभर वापरले जाणारे नियम. त्यांचं पाचवं कलमच सांगतं की बँका व्यवहार कागदांचा करतात, मालाचा नाही. इतर कागदांवर वर्णन ढोबळ असलं तरी चालतं, इनव्हॉइसवर मात्र ते एलसीशी जुळावंच लागतं. मी सात वर्षं नेमकं उलटं करत होते. पॅकिंग लिस्टवर जीव टाकायचा आणि इनव्हॉइस जुन्या फाईलमधून उचलायचं.

हा विषय शिकवणारे सर बँकेच्या ट्रेड डेस्कवरून निवृत्त झालेले. स्लाइड एकही नाही. एकदा त्यांनी प्रत्येकाला कागदांचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, ‘आज तुम्ही बँक. काढा चुका.’ गठ्ठ्यात नऊ चुका पेरलेल्या होत्या, मला सहा सापडल्या. निसटलेल्या तिघींपैकी एक म्हणजे विमा. रक्कम मालाच्या भाडं-विम्यासकट किमतीच्या 110 टक्के, म्हणजे बरोबर होती, पण पॉलिसीची तारीख माल जहाजावर चढल्यानंतरची. दुसरी, शिपमेंटनंतर 21 दिवस उलटून गेल्यावर सादर केलेले कागद. तिसरी सांगत नाही, सर अजून तोच गठ्ठा वापरतात. अख्ख्या पदवीतून एकच तास ठेवायचा म्हटलं तर मी हाच ठेवीन.

त्याखालोखाल इन्कोटर्म्स, म्हणजे खर्च आणि जोखीम कुठपर्यंत विकणाऱ्याची आणि कुठून घेणाऱ्याची हे सांगणाऱ्या तीन अक्षरी अटी. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा विकणारा भरतो, पण माल जहाजावर चढला की जोखीम घेणाऱ्याच्या डोक्यावर जाते. हे मला तोंडपाठ होतं, पण समजलेलं नव्हतं. एफओबीचंही तेच, भाडं घेणाऱ्याचं, पण जोखीम जहाजावर चढल्यावरच सुटते. कंटेनर आपण टर्मिनलवर सोपवून मोकळे होतो, जहाजावर तो नंतर कधीतरी चढतो. मधल्या काळात काही झालं तर एफओबीखाली जोखीम आपलीच. म्हणून कंटेनरला एफसीए बरं, त्यात माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम सुटते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं, आपण सगळीकडे एफओबी का लिहितो? साहेब म्हणाले, ‘आधीपासून तसंच आहे.’ अजूनही तसंच आहे.

आता तक्रारी. इन्कोटर्म्सच्याच दुसऱ्या तासाला, दुसऱ्या शिक्षकांच्या स्लाइडवर डीएटी ही जुनी अट झळकली. 1 जानेवारी 2020 पासून त्या जागी डीपीयू आहे. मी हात वर केला, तर ‘परीक्षेत दोन्ही चालतील’ असं उत्तर मिळालं. डब्ल्यूटीओच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या, प्रकरणात अपील मंडळाचं काम तपशिलानं शिकवलं, आकृतीसकट. डिसेंबर 2019 पासून तिथे अपील ऐकायला लागणारे तीन सदस्यच उरलेले नाहीत, हे मात्र कुणी बोललं नाही. देशांमधल्या तंट्यांचा निकाल अपिलात जाऊन तसाच लटकू शकतो, ही या विषयातली आजची सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती वर्गाबाहेर वाचून कळावी?

संस्कृती आणि व्यवस्थापनाच्या पेपरात तर मी चक्क वैतागले. हॉफस्टेड या अभ्यासकानं देशोदेशीच्या संस्कृतींना दिलेले आकडे आले की पोरं देशांना मार्क वाटल्यासारखी बोलायला लागतात, या देशाला सत्तेतल्या अंतराचे (वरच्या-खालच्यातला भेद लोक किती मान्य करतात याचे) इतके, त्याला तितके. मुळातली पाहणी 1960-70 च्या दशकांत, आयबीएम या एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांवर झालेली. एवढं एक वाक्य आधी सांगितलं असतं तर अर्धी प्रेझेंटेशन्स टळली असती. त्यापेक्षा पंकज घेमावत या अभ्यासकांची देशांमधल्या अंतराची चौकट मला कामाची वाटली. सांस्कृतिक, प्रशासकीय, भौगोलिक आणि आर्थिक अशी चार अंतरं. नकाशावर शेजारी असलेला देश व्यापाराला लांबचा का पडतो, हे त्यातून चटकन दिसतं.

अकाउंटिंग, मनुष्यबळ, संशोधन पद्धती होते तसे होते. उपस्थिती भरली.

शेवटच्या सत्रात पाच जणांच्या गटाचा प्रकल्प होता, पाण्याच्या फिल्टरला नवी बाजारपेठ शोधायची. मला वाटलेलं भांडण होईल ते जाहिरातीवरून. झालं एचएस कोडवरून, म्हणजे ड्युटीसाठी प्रत्येक मालाला दिलेल्या आकडी वर्गावरून. फिल्टरचं यंत्र 8421.21 मध्ये बसलं, पण सुट्या विकायच्या कार्ट्रिजला कुठे घालायचं यावर आमचे दोन रविवार गेले. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, पुढचे ज्या त्या देशाचे, आणि ड्युटी त्या पुढच्यांवर ठरते. तिसऱ्या रविवारी ड्युटी धरून किंमत काढली, तर निवडलेल्या देशात आमचा फिल्टर तिथल्यापेक्षा महाग पडत होता. चाळीस पानं लिहून झाली होती. देश बदलला, पानं पुन्हा लिहिली. मार्क बरे पडले, आणि ऑफिसात तेव्हापासून कोड मी स्वतः तपासते.

वर्गातली अर्धी मुलं पदवीनंतर थेट आलेली. त्यांनी बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल घेतल्याची जहाज कंपनीची पावती, कधी हातात धरलेलं नव्हतं. गठ्ठ्याच्या तासाला ती बावरली आणि हॉफस्टेडच्या तासाला रमली, माझं बरोबर उलटं. त्यांना माझा सल्ला, आधी वर्षभर कुठल्याही फॉरवर्डरकडे (माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्याकडे) किंवा निर्यात विभागात काढा, मग या. प्लेसमेंटबद्दल मी बोलू शकत नाही, माझी नोकरी होतीच.

प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी करा. ट्रेड फायनान्स कोण शिकवतं ते विचारा आणि त्यांच्या एका तासाला बसू द्या म्हणा. आणि इन्कोटर्म्सची स्लाइड मागून घ्या. त्यावर डीएटी दिसलं तर बाकीच्या स्लाइड्सही तारखा बघून वाचा.