यूएन वेब टीव्हीवरच्या महासचिवपदाच्या मुलाखती: चित्रण झकास, निकाल भलतीकडेच

उमेदवारांच्या मुलाखती घेणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे २०१६ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवपदाच्या मुलाखती यूएन वेब टीव्हीवर फुकट बघता येतात म्हटल्यावर बसलोच बघायला.

सेवा म्हणून नाव ठेवायला जागा नाही. जाहिराती नाहीत, काटछाट नाही, प्रत्येक उमेदवाराला सुमारे दोन तास. मुलाखती भरवल्या महासभेने, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेने. समोर या देशांचे राजदूत, शिवाय सामाजिक संस्थांचेही प्रश्न. उमेदवारांपैकी पोर्तुगालचे माजी पंतप्रधान ग्युटेरेस इंग्रजीतून फ्रेंचमध्ये, तिथून स्पॅनिशमध्ये सहज उड्या मारतात आणि बोलताना कागदात डोकं खुपसून बसत नाहीत. इतर काही जणांची उत्तरं इतकी गुळगुळीत, की माझ्याकडे आले असते तर दुसऱ्या फेरीला बोलावलं नसतं.

१९४६ च्या ठरावाने १५ देशांच्या सुरक्षा परिषदेने एकच नाव पुढे करावं आणि महासभेत त्यावर चर्चा टाळावी, असं सुचवलं होतं. त्यानंतर ७० वर्षांनी कॅमेरा आत आला, हे मोठंच. पण तो चुकीच्या खोलीत लावलाय!

खरी निवड सुरक्षा परिषदेच्या बंद दाराआड. प्रत्येक नावासमोर तीन पर्याय: प्रोत्साहन, परावृत्त, मत नाही. २१ जुलैच्या पहिल्या चाचणी मतदानानंतर महासभेचे अध्यक्ष ल्युकेटॉफ्ट यांना अधिकृतपणे एवढंच कळवलं गेलं, की मतदान झालं. आकडे नाहीत! पत्रकारांना मात्र लगेच समजलं: ग्युटेरेस १२ बाजूने, विरोधात कोणी नाही, तिघांचं मत नाही. मुलाखती ज्यांनी भरवल्या त्यांनाच निकाल सांगायचा नाही, हे माझ्या डोक्यात जातं.

५ ऑक्टोबरच्या सहाव्या फेरीत पाच कायम सदस्यांच्या मतपत्रिका लाल, बाकीच्या पांढऱ्या. लाल कागदावर ‘परावृत्त’ म्हणजे नकाराधिकार, विषय संपला. १९९६ मध्ये तेव्हाचे महासचिव बुट्रोस घाली यांच्या बाजूने १४ मतं होती, विरोधात एकट्या अमेरिकेचं. दुसरी टर्म गेली. म्हणजे मुलाखत १९३ जणांनी घ्यायची आणि ऑफर लेटर पाच जणांनी अडवायचं. १३ उमेदवारांत सात स्त्रिया होत्या, निवडून आला पुरुषच. आजवर या खुर्चीत एकही बाई बसलेली नाही.

आता एवढं मान्य करतो, की मुलाखतीत चमकलेला माणूसच, म्हणजे ग्युटेरेसच, शेवटी निवडला गेला. पण तो मुलाखतीमुळे निवडला गेला की पाचांपैकी कुणाला खुपला नाही म्हणून, हे चित्रण बघून कळत नाही, कळणारही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सगळ्या सदस्य देशांचं गुप्त मतदान घेऊन प्रमुख निवडला, तेव्हा करता येतं. उलट जागतिक बँकेत २०२३ ला अर्ज मागवले आणि नाव आलं एकच, अमेरिकेने सुचवलेलं अजय बंगांचं. त्याची मुलाखत दाखवली काय, न दाखवली काय.

चित्रणाला साडेचार तारे, निवडपद्धतीला दीड. सगळे तास बघू नका. ग्युटेरेस आणि युनेस्कोच्या तेव्हाच्या प्रमुख बोकोवा, दोन्ही १२ एप्रिलचे, लागोपाठ बघा. मग ५ ऑक्टोबरची क्लिप शोधा: परिषदेचे त्या महिन्याचे अध्यक्ष, रशियाचे राजदूत चुर्किन सगळ्या राजदूतांना मागे घेऊन दाराबाहेर येतात आणि नाव जाहीर करतात. महासभेने त्यावर टाळ्या वाजवल्या १३ तारखेला.