बारा सेन्सर आणि सामाईक हवा: उसाच्या रानातील ओल मोजणाऱ्या संचाचा अनुभव

निपाणीजवळ वेदगंगेकाठी आम्हा तिघा भावांची उसाची राने बांधाला बांध लागून आहेत आणि विहीर सामाईक आहे. पाण्याच्या पाळीवरून होणारी हुज्जत थांबावी म्हणून गेल्या वर्षी आम्ही वर्गणी काढून जमिनीतील ओल मोजणारे बारा बिनतारी सेन्सर आणि त्यांचे निरोप गोळा करून ॲपकडे पाठवणारा एक गेटवे असा संच घेतला. मापनाबद्दल तक्रार नाही. काळ्या मातीची मूठ वळून आमचे थोरले बंधू जो अंदाज सांगतात, त्याच्याशी आकडे बहुतेक वेळा जुळतात.

तक्रार आहे ती निरोप पोचण्याबद्दल. विहिरीजवळच्या तीन सेन्सरांचे आकडे नेमाने दिसत, परंतु नदीकडच्या पट्ट्यातील सेन्सर दिवसच्या दिवस गप्प असत. ते बिघडले असतील असे समजून विक्रेत्याने दोन बदलून दिले, तरी फरक पडला नाही.

बेळगावात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या पुतण्याने सेटिंग उघडून पाहिले तेव्हा खरे कारण कळले. हा संच लोरा या थोड्या विजेवर लांबवर निरोप धाडणाऱ्या बिनतारी पद्धतीवर चालतो आणि त्यासाठी भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा विनापरवाना पट्टा आहे. बसवणाऱ्याने बाराही सेन्सर एकाच चॅनेलवर, सर्वांत संथ म्हणजे एसएफ १२ (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर; आकडा जितका मोठा तितका निरोप संथ, पण लांब पोचणारा) या वेगावर ठेवले होते आणि प्रत्येकाला घड्याळाच्या पाव-पाव तासाच्या ठोक्याला बोलायला लावले होते. या वेगाने छोटासा निरोप धाडायलाही सुमारे दीड सेकंद लागतो, तर एसएफ ७ वर तोच निरोप सुमारे ६० मिलिसेकंदांत जातो. बारा जण एकाच क्षणी दीड-दीड सेकंद ओरडू लागले की ज्याचा आवाज जवळून येतो तोच गेटवेला समजतो. त्यात भर म्हणून प्रत्येक निरोपाची पोच मागितली होती. गेटवे पोच देत असताना त्याला दुसऱ्याचे ऐकू येत नाही आणि पोच न मिळालेला सेन्सर पुन्हा पुन्हा बोलून बॅटरी संपवतो. विहिरीला पाळी लावणाऱ्या आम्हाला हवेलाही पाळी लागते हे सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे; पण संच विकणाऱ्याला ते सुचायला हवे होते.

पुतण्याने जवळचे सेन्सर एसएफ ७ वर आणि लांबचे एसएफ ९ वर आणले, तीन चॅनेल वापरात घेतले, पोच बंद केली आणि प्रत्येकाच्या वेळेत काही मिनिटांचा अनियमित फरक ठेवला. त्याच संध्याकाळी नदीकडचे चारही सेन्सर बोलू लागले.

पावसाळ्यात ऊस डोक्यावर गेल्यावर ओल्या पाल्यात सिग्नल पुन्हा अडला. अँटेना बांबूवर उसाच्या शेंड्यांच्या वर नेल्यावर तो सुधारला. इतका लांब खांब संचाबरोबरच मिळायला हवा होता. ॲपमधील बॅटरीच्या टक्क्यांवरही विसंबू नये, कारण आतील लिथियम बॅटरीचे व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ स्थिर राहून एकदम कोसळते. ॲप कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत आहे, मराठीत नाही, त्यामुळे थोरल्या बंधूंना अजूनही मीच आकडे वाचून दाखवतो.

संच पाचांपैकी साडेतीन गुणांचा आहे. घेणाऱ्यांनी पैसे मोजण्यापूर्वी वेग, चॅनेल आणि निरोपाची वेळ प्रत्येक सेन्सरसाठी वेगळी ठेवता येते का, हे विक्रेत्याकडून समोर करून घ्यावे.