एससीपी, पीएससीपी, आरझेड: उतरवलेल्या फाइलचे नाव कोण ठरवते?

रिमोट टर्मिनलमधून फाइल उतरवणाऱ्या साधनांची तुलना बहुतेक वेळा वेगावरून होते. इथे कसोटी वेगळी आहे: समोरचा सर्व्हर दुसऱ्याच्या ताब्यात गेला असेल, तर फाइल घेताना तो तुमच्या मशीनवर कुठे आणि काय लिहू शकतो? पाथ ट्रॅव्हर्सल (‘../’, म्हणजे ‘एक फोल्डर वर’, वापरून भलत्या जागी पोहोचणे) म्हटले की सर्व्हरकडे ‘../’ पाठवणारा हल्लेखोर आठवतो. डाउनलोडमध्ये हल्ला उलट दिशेने येतो, आणि तिकडे फार कमी जणांचे लक्ष असते.

आधी एससीपी, म्हणजे ओपनएसएसएच या सुरक्षित रिमोट लॉगिनच्या संचातली फाइल-कॉपीची कमांड. जुना एससीपी प्रोटोकॉल आरसीपी या त्याहून जुन्या रिमोट-कॉपी कमांडवरून आला आहे. त्यात सर्व्हर एक ओळ पाठवतो: ‘सी’ अक्षर, ०६४४ सारखी परवानगी, बाइट्समध्ये आकार आणि फाइलचे नाव. मग डेटा येतो. फोल्डर असेल तर ‘डी’, संपला की ‘ई’. म्हणजे तुम्ही कुठलीही फाइल मागा, तिचे नाव कळवतो तो सर्व्हरच. जुना क्लायंट नावातला स्लॅश आणि ‘..’ अडवत असे, पण आलेले नाव मागितलेलेच आहे का, हे पाहत नसे. त्यामुळे ‘../’ ची गरजच उरत नव्हती. तुम्ही होम फोल्डरमध्ये उभे राहून फाइल मागितली आणि सर्व्हरने ‘.बॅश_अलायसेस’ पाठवली, तर उबुंटूसारख्या सिस्टिमवर पुढच्या टर्मिनलला ती आपोआप चालणार. रिकर्सिव्ह (आतल्या सगळ्या फोल्डरांसकट) पर्याय दिला असेल तर लॉगिनच्या किल्ल्या असलेल्या ‘.एसएसएच’ फोल्डरच्या आतही लिहिता येत होते. हीच सीव्हीई-२०१९-६१११ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा क्रमांक). तिच्या जोडीची सीव्हीई-२०१९-६१०९ तितकीच त्रासदायक: नावात कंट्रोल कॅरेक्टर घालून प्रगती दाखवणाऱ्या ओळीत फेरफार करता येई, म्हणजे जादा आलेली फाइल स्क्रीनवर दिसूच नये अशी सोय. सीव्हीई-२०१८-२०६८५ मध्ये नाव म्हणून नुसता ‘.’ किंवा रिकामी जागा पाठवून तुमच्या फोल्डरची परवानगी बदलता येत होती.

एप्रिल २०१९ च्या ८.० आवृत्तीपासून क्लायंट आलेले नाव मागणीशी जुळवून पाहतो. जुळले नाही तर ‘फाइलनेम डझ नॉट मॅच रिक्वेस्ट’ म्हणून थांबतो. या तपासणीला दोन मर्यादा आहेत. मागणीत नुसते तारांकन (*, म्हणजे ‘कुठलेही नाव’) दिले तर जवळपास कुठलेही नाव जुळते. आणि रिकर्सिव्हमध्ये मागितलेल्या फोल्डरच्या आतली नावे जुळवायला क्लायंटकडे काहीच नसते. शिवाय सर्व्हरवरच्या शेलने (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामने) तारांकन वेगळ्या पद्धतीने उलगडले की प्रामाणिक डाउनलोडही अडते. मग लोक कुठेतरी वाचून ‘-टी’ (कॅपिटल) लावतात आणि काम होते. तो पर्याय ही तपासणीच बंद करतो. स्क्रिप्टमध्ये तो दिसला तर काढा आणि फाइलची नावे पूर्ण लिहा.

खरा उपाय एप्रिल २०२२ च्या ९.० मध्ये आला: एससीपी कमांड तीच, पण आतून एसएफटीपी हा दुसरा फाइल-प्रोटोकॉल. इथे फाइल क्लायंट स्वतः नाव देऊन उघडतो. सर्व्हरकडून नावे येतात ती फोल्डरच्या यादीत, आणि यादीतल्या नावात स्लॅश असेल तर ओपनएसएसएच ‘सस्पेक्ट पाथ’ म्हणून ती नाकारते. आमच्या मते हा एकच बदल आवृत्ती वाढवायला पुरेसा आहे. जुन्या राउटर-स्विचवर एसएफटीपी नसते, तिथे ‘-ओ’ (कॅपिटल) लावून जुना प्रोटोकॉल वापरावा लागतो. तेव्हा एका वेळी एकच फाइल, पूर्ण नावाने, नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये घ्या. ‘-ओ’ ला शेल अलायसमध्ये (कमांडच्या टोपणनावात) कायमचे बसवू नका. आवृत्तीच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नका: रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ मध्ये ओपनएसएसएच ८.७ असूनही एससीपी एसएफटीपीवरच चालते, आणि अनेक लिनक्स वितरणे दुरुस्ती जुन्या आकड्यात मागून घालतात. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) सीव्हीई क्रमांक शोधा.

पुटी या एसएसएच प्रोग्रामसोबतची कॉपी-कमांड पीएससीपी या बाबतीत मनापासून आवडते. एसएसएच-२ वर ती आधी एसएफटीपीच वापरून पाहते. जुन्या प्रोटोकॉलवर सर्व्हरने भलतेच नाव पाठवले तर कुठले नाव आले आणि कुठले मागितले होते, दोन्ही दाखवून इशारा देते. सर्व्हरकडून तारांकन उलगडून घ्यायचे तर ‘-अनसेफ’ लिहावे लागते, आणि मदतीच्या मजकुरात त्यापुढे ‘डेंजरस’ असे छापलेले आहे. धोक्याच्या पर्यायाला असेच नाव हवे. विनएससीपी हा विंडोजचा क्लायंट वापरणाऱ्यांनी ५.१४ च्या आधीची आवृत्ती ठेवूच नये. विंडोजवर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची: लिनक्स सर्व्हरवर बॅकस्लॅश आणि कोलन हे फाइलच्या नावातले साधे वर्ण आहेत, विंडोजवर मात्र ते पाथचे भाग होतात. विंडोजचा जो क्लायंट फक्त पुढचा स्लॅश तपासतो, तो अर्धेच काम करतो.

आरझेड (फाइल घेणारी) आणि एसझेड (पाठवणारी) या कमांडच्या जोडीला आमची पसंती सर्वांत कमी. त्यांचा झेडमोडेम प्रोटोकॉल टर्मिनलच्याच प्रवाहातून वाहतो. ऑटो-स्टार्ट चालू असेल तर स्क्रीनवर ठरावीक वर्ण उमटले की टर्मिनल फाइल घ्यायला लागते, मग ते वर्ण एसझेडने पाठवलेले असोत की तुम्ही ‘कॅट’ कमांडने स्क्रीनवर दाखवलेल्या एखाद्या लॉगमधले. त्यामुळे ऑटो-स्टार्ट बंद ठेवा, निदान आधी विचारेल असे करा. एलआरझेडएसझेड या पॅकेजमधली आरझेड मुळातच ‘../’ असलेली नावे नाकारते. ‘-यू’ (कॅपिटल) दिले की ते बंधन सुटते, म्हणून तो पर्याय टाळा. ‘-आर’ (कॅपिटल) दोनदा दिल्यास बिंदूने सुरू होणाऱ्या फाइली आणि फोल्डर ती बनवत नाही. ‘-पी’ दिल्यास आधीपासून असलेली फाइल वगळते, आणि ‘-ई’ (कॅपिटल) दिल्यास नव्या फाइलचे नाव बदलते. यातला शेवटचा पर्याय सोयीचा, कारण पाठवणारा एसझेडच्या ‘-वाय’ ने जुनी फाइल पुसून लिहायला सांगू शकतो.

आरसिंक या फाइल-सिंकच्या साधनाचे थोडक्यात: सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे बोट दाखवणारी नोंद) जपणारी ही एकच असल्याने तिचा धोका निराळा. सीव्हीई-२०२४-१२०८७ सिमलिंकच्या तपासणीतली त्रुटी होती, तर सीव्हीई-२०२४-१२०८८ ने ‘सेफ-लिंक्स’ या बाहेर नेणाऱ्या लिंक अडवणाऱ्या पर्यायालाच बगल दिली. दोन्ही जानेवारी २०२५ च्या ३.४.० मध्ये बुजवल्या आहेत. त्याआधीची आरसिंक असेल तर अनोळखी सर्व्हरवरून ‘-ए’ ऐवजी ‘-आरटी’ ने घ्या. लिंक येणारच नाहीत.