यंत्र माझं, गेम कुणाचे? स्टीम डेक ओएलईडी काही महिने वापरल्यानंतर

स्टीम डेक म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचा हातात धरून खेळायचा गेमिंग संगणक; स्टीम हे याच कंपनीचं गेमचं ऑनलाइन दुकान. डेकबद्दल पहिल्याच आठवड्यात लिहिलेले रिव्ह्यू ढिगाने सापडतात. स्क्रीन किती सुंदर आहे हे त्यांत असतं, आणि ती खरंच सुंदर आहे. पण यंत्र रोजच्या वापरात मुरलं की दुसऱ्याच गोष्टी महत्त्वाच्या वाटायला लागतात, म्हणून मी मुद्दाम थांबून लिहितोय. माझ्याकडे ओएलईडी मॉडेल आहे, नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेलं. मूळ एलसीडी मॉडेल फेब्रुवारी २०२२ चं. मला हे यंत्र फार आवडलंय, हे आधीच सांगतो. आणि याच यंत्रामुळे गेम विकत घेण्याची माझी पद्धत पूर्ण बदलली, तेही सांगायचंय.

सर्वांत जास्त वापरली गेलेली सोय कुठली म्हणाल, तर पॉवर बटण. लढाई ऐन रंगात असताना दाबलं की गेम आहे तिथे गोठतो आणि यंत्र झोपतं. संध्याकाळी पुन्हा दाबलं की काही सेकंदांत त्याच क्षणापासून पुढे चालू. कन्सोलवाल्यांना यात नवल वाटणार नाही, पण पीसीचे गेम इतक्या भरवशाने झोपताना आणि उठताना मी आधी पाहिले नव्हते. पूर्ण करायला साठ-सत्तर तास लागणारे जे मोठे आरपीजी (एखादं पात्र घडवत नेणारे, लांब कथेचे गेम) नुसते यादीत पडून होते, ते वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत संपले. टेबलाशी बसून ते कधीच संपले नसते.

वजन ६४० ग्रॅम. कागदावर जास्त वाटतं, पण हाताच्या पकडीचा आकार इतका विचारपूर्वक केलाय की बसून खेळताना जाणवत नाही. पाठीवर झोपून खेळताना जाणवतं. तेव्हा मी ते उशीला टेकवतो. दोन्ही बाजूंच्या चौकोनी ट्रॅकपॅडकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. तसं करू नका. माउससाठी लिहिलेले स्ट्रॅटेजी गेम हातातल्या यंत्रावर खेळता येतात ते त्यांच्यामुळेच. जायरोचंही, म्हणजे यंत्र तिरकं केल्याचं ओळखणाऱ्या सेन्सरचंही तेच. उजव्या स्टिकच्या टोकाला स्पर्श कळतो, त्यामुळे अंगठा तिथे असेल तेवढाच वेळ जायरो चालू ठेवता येतो. स्टिकने ढोबळ नेम धरायचा, मनगटाच्या हलक्या हालचालीने बारीक. ही सवय लागायला वेळ लागतो, पण एकदा लागली की साध्या कंट्रोलरवर नेम धरणं जड जातं.

आता फ्रेमरेटबद्दल, म्हणजे स्क्रीनवर सेकंदाला किती चित्रं येतात त्याबद्दल थोडं सविस्तर, कारण ‘नवे मोठे गेम यावर चालतात का’ हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. आत एएमडीची चिप आहे: झेन २ चे चार कोअर, आरडीएनए २ चे आठ कंप्युट युनिट, १६ जीबी रॅम, आणि चिपला जास्तीत जास्त १५ वॉट. घरातल्या मोठ्या कन्सोलच्या तुलनेत हे अगदीच कमी. पण स्क्रीनचं रिझोल्यूशन १२८० बाय ८०० आहे, त्यामुळे चिपवरचा भारही कमी. एल्डन रिंगसारखा गेम इथे ६० फ्रेमवर चालत नाही, आणि ३० वर तो मला आवडत नाही. उत्तर आहे ४०. ३० फ्रेमला एक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ६० ला १६.७, आणि ४० ला बरोबर २५, म्हणजे वेळेच्या हिशेबात अगदी मध्यावर. दहाच फ्रेम वाढतात, पण हाताला फरक चांगलाच कळतो. ओएलईडीची स्क्रीन ९० हर्ट्झपर्यंत जाते आणि ४० ची मर्यादा लावली की ती आपोआप ८० वर येते, त्यामुळे प्रत्येक चित्र दोनदा दिसतं आणि हालचाल एकसारखी राहते. माझे बहुतेक जड गेम मी ४० किंवा ४५ वर ठेवतो.

बॅटरीचा हिशेबही यातच आला. ती ५० वॉट-तासांची आहे. संपूर्ण यंत्र २० वॉट खात असेल तर अडीच तास, सात वॉट खात असेल तर सात तास. व्हॉल्व्हने स्वतः ३ ते १२ तास असं सांगितलंय, आणि ते प्रामाणिक आहे, कारण दोन्ही टोकं खरोखर गाठता येतात. द्विमितीय, हलक्या गेमला वॉटची मर्यादा कमी करून ठेवा आणि ती सेटिंग त्या गेमपुरतीच साठवा.

खरी करामत मात्र सॉफ्टवेअरमध्ये आहे. स्टीमओएस म्हणजे आर्च लिनक्सवर उभी केलेली प्रणाली, आणि त्यावर विंडोजसाठी बनवलेले गेम चालतात ते प्रोटॉनमुळे. प्रोटॉन २०१८ च्या ऑगस्टमध्ये आलं, पण त्याच्या पोटात वाइन नावाचा प्रोग्राम आहे, आणि वाइनचं काम १९९३ पासून चालू आहे. गेम विंडोजला जे सांगतो ते लिनक्सला कळेल असं करून द्यायचं, चित्रं काढण्यासाठी विंडोजच्या डायरेक्टएक्सकडे केलेल्या मागण्या लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनच्या करायच्या. एवढंच काम, पण ते बिनचूक व्हायला कित्येक वर्षं आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता काम करणारी कितीतरी माणसं लागली. मी यादीतले जुने गेम एकामागून एक लावत गेलो तेव्हा हे सारखं मनात येत होतं. पंधरा वर्षं जुना, नव्या विंडोजवर चालायला कुरकुर करणारा गेम इथे एकदम सुरळीत चालतो, कारण प्रोटॉन मुक्त स्रोत (मूळ कोड सर्वांना खुला) असल्यामुळे कुणीतरी बसून तेवढी एक अडचण सोडवलेली असते.

जे चालत नाही त्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. फोर्टनाइट चालत नाही, व्हॅलोरंट चालत नाही. एपेक्स लेजेंड्स चालत होता. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी लिनक्सचा आधार काढून घेतला गेला. अडचण चित्रं काढण्याची नाही, अँटिचीटची, म्हणजे फसवणूक पकडणाऱ्या प्रोग्रामची आहे. ईझी अँटिचीट आणि बॅटलआय या दोन्हींना २०२१ पासून प्रोटॉनवर चालण्याची सोय आहे, पण ती चालू करायची की नाही हे गेम बनवणारी कंपनी ठरवते. काही कंपन्यांचं अँटिचीट थेट कर्नलमध्ये बसतं, म्हणजे संगणकाच्या सर्वांत आतल्या थरात, जिथून सगळं दिसतं. एका गेमसाठी इतका खोलवरचा ताबा मागणं मला मुळातच मान्य नाही. फसवणूक करणाऱ्यांचा त्रास खरा आहे, मी स्वतः ऑनलाइन खेळतो. पण ज्या संगणकावर माझे बँकेचे व्यवहार आणि खासगी पत्रं आहेत, तिथल्या कर्नलच्या किल्ल्या बंद स्रोताच्या प्रोग्रामला द्यायच्या, त्या कशाला वापरल्या जातात हे तपासताही येणार नाही, हा सौदा न्याय्य नाही. गेम कर्नल स्तराचं अँटिचीट वापरत असेल तर तसं त्याच्या पानावर लिहिणं स्टीमने २०२४ च्या ऑक्टोबरपासून सक्तीचं केलं, ते फार चांगलं झालं.

डेस्कटॉप मोडमध्ये गेलात की समोर केडीई प्लाझ्मा हा लिनक्सचा डेस्कटॉप येतो आणि हा साधा, पूर्ण संगणक होतो. ब्राउझर, ऑफिस, एमुलेटर (जुन्या कन्सोलचे गेम चालवणारे प्रोग्राम), दुसऱ्या दुकानांचे गेम, काहीही बसवा. अडवणारं कुणी नाही. मूळ प्रणाली फक्त वाचता येईल अशी ठेवलेली आहे, त्यामुळे चुकून काही मोडत नाही, पण ते कुलूपही एका आज्ञेने उघडतं. तुम्हाला विंडोज टाकायचं असेल तर तेही टाका. हार्डवेअरबद्दलही हाच मोकळेपणा आहे. दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या आयफिक्सिटकडे अधिकृत सुटे भाग मिळतात, बाहेरच्या आवरणाच्या कॅड फाइल व्हॉल्व्हने खुल्या केल्या आहेत, आणि ओएलईडी मॉडेलचे स्क्रू धातूच्या आट्यांत बसतात, त्यामुळे उघड-मिट केली तरी ते ढिले होत नाहीत. मी यातली एसएसडी (साठवणीची ड्राइव्ह) बदलली. २२३० मापाची लागते. काम अर्ध्या तासाचं. बॅटरी मात्र आत चिकटवलेली आहे आणि ती काढणं सोपं नाही. बॅटरी हा झिजणारा भाग आहे, तो साध्या स्क्रूने सुटला पाहिजे. पुढच्या मॉडेलकडून माझी ही पहिली मागणी असेल.

हे सगळं उघडून, बदलून, आपल्या सोयीचं करून घेतल्यावर एक गोष्ट फार टोचायला लागते. हे यंत्र पूर्णपणे माझं आहे, पण त्यातले बहुतेक गेम माझे नाहीत. स्टीमवर आपण गेम विकत घेत नाही, तो वापरण्याचा परवाना घेतो. खातं कराराप्रमाणे दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. हे पूर्वीपासून असंच होतं, पण कॅलिफोर्नियात सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा झाला, १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, आणि ग्राहकाला नुसता परवाना मिळतोय हे उघडपणे न सांगता ‘खरेदी’ म्हणायला डिजिटल दुकानांना बंदी आली. त्याआधीच स्टीमने पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली. गेम कायमचा उतरवून ऑफलाइन ठेवता येत असेल तर त्या कायद्यातून सूट आहे. मला त्या सूटमध्ये सगळं सार दिसतं: कायदा बनवणाऱ्यांनाही मालकी म्हणजे काय ते नीट कळलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम मी नव्या यंत्रावर डाउनलोड करायला गेलो तर तो माझ्या यादीतच नव्हता. गाण्यांचे हक्क संपले म्हणून काढला, असं उत्तर आलं, सोबत कराराचं कलम. पैसे परत मिळाले नाहीत. मला राग आला तो पैशांचा नव्हता. मी पैसे मोजून घेतलेली वस्तू कुणीतरी मला न विचारता उचलून नेली होती, आणि कागदोपत्री त्यात काहीच गैर नव्हतं.

‘द क्रू’ या गेमचं तर सगळ्या जगादेखत झालं. २०१४ चा रेसिंगचा गेम. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरशिवाय चालत नव्हता. ३१ मार्च २०२४ ला प्रकाशक कंपनी युबिसॉफ्टने सर्व्हर बंद केले आणि डिस्क हातात असलेल्यांचाही गेम संपला. त्यावरून यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली आणि युरोपीय संघातल्या नागरिकांच्या याचिकेवर जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा पार झाला. मागणी काय आहे ती नीट वाचा, कारण तिचा विपर्यास फार होतो. सर्व्हर कायम चालू ठेवा असं कुणी म्हणत नाही. आधार थांबवताना गेम खेळण्याजोग्या अवस्थेत सोडा, एवढंच म्हणणं आहे. हे अशक्य असल्याचं सांगितलं जातं, पण याच मालिकेतल्या पुढच्या दोन गेमना ऑफलाइन मोड देण्याचं युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला, त्यात अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेमची विक्री आता बंद आहे असं दिसलं. एका कलाप्रकाराचा बहुतेक इतिहास सरळ दुकानातून घेऊन पाहता येत नाही, ही फार गंभीर गोष्ट आहे. जपून ठेवण्याचं काम करणाऱ्या ग्रंथालयांनी मिळत नसलेले गेम अभ्यासकांना दुरून पाहू देण्याची परवानगी मागितली, तीही अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये नाकारली.

म्हणून माझ्या डेकवरची व्यवस्था आता अशी आहे. एखादा गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात असेल तर तिथूनच घेतो, कारण तिथे डीआरएम (कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप) नसतं आणि इन्स्टॉलर फाइल आपल्याकडे ठेवता येते. ती फाइल बाहेरच्या ड्राइव्हवर, त्याची आणखी एक प्रत वेगळ्या जागी. डेकवर हे गेम हिरॉइक लाँचर या, दुसऱ्या दुकानांचे गेम चालवणाऱ्या प्रोग्राममधून बसवतो आणि स्टीमच्या यादीत जोडतो. मग ते बाकीच्यांसारखेच दिसतात, ४० फ्रेमची मर्यादा वगैरे सगळं लागू होतं. स्टीमवरच्याही बऱ्याच गेमना डीआरएम नसतं. बनवणाऱ्याने ते लावायचं की नाही हे त्याच्यावर असतं, आणि न लावलेल्या गेमचं फोल्डर कॉपी केलं तर स्टीमशिवायही चालतं. एकट्याने खेळायच्या गेमला सतत इंटरनेट लागत असेल तर तो मी घेत नाही, कितीही आवडला तरी. यामुळे काही चांगले गेम हातचे गेले, आणि ते मला मान्य आहे.

तुम्ही डेक घेणार असाल तर आधी आपल्या रोजच्या ऑनलाइन गेमचं नाव प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर टाकून पाहा. तो चालत नसेल तर बाकी गुणांचा उपयोग नाही. गेम डेकवर नीट चालतो असं सांगणाऱ्या स्टीमच्या ‘व्हेरिफाइड’ शिक्क्यापेक्षा तिथले वापरणाऱ्यांचे अनुभव जास्त कामाचे असतात, कारण लेखी मजकूर किती बारीक दिसतो, कुठल्या प्रोटॉन आवृत्तीत चालतो हे लोक तपशिलात लिहितात. साठवण कमी असलेलं मॉडेल घ्यायला हरकत नाही; मायक्रोएसडी कार्डावरून बहुतेक गेम व्यवस्थित चालतात. आणि पुढे एसएसडी बदलायची झाली तर मागचं आवरण उघडण्याआधी ते कार्ड काढून ठेवा. खाचेत राहिलं तर आवरण निघताना कार्ड मधोमध तुटतं.